खालच्या टीव्हीचं रेकॉर्डिंग वरच्या टीव्हीवर: घरातल्या घरात जोडणी करायची रीत

आमच्या परभणीच्या घरात दोन टीव्ही आहेत. एक खाली सासूबाईंच्या खोलीत, एक वर दीर-जाऊबाईंकडे. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो, पुढेही तसंच लिहिते. दोन्ही टीव्हींना रेकॉर्डिंग करणारे बॉक्स आहेत. आषाढीच्या पहाटे पंढरपूरची महापूजा खालच्या बॉक्सवर रेकॉर्ड व्हायची आणि वरच्यांना ती बघायची तर एक तर सगळ्यांनी खाली यायचं, नाहीतर हार्डडिस्क उपसून वर न्यायची. अशाच काढ-घालीत एकदा डिस्कची वायर अर्धवट निघाली आणि दोन वर्षांची रेकॉर्डिंगं वाचता येईनाशी झाली. त्यात आत्याबाईंच्या माहेरच्या दिंडीचं, टीव्हीवर दिसलेलं, दहा मिनिटांचं दृश्य होतं. ते परत मिळालं नाही.

त्यानंतर मी दोन्ही बॉक्स घरच्या नेटवर्कनं जोडायच्या मागे लागले. कळतं तसं करत गेले, तीन-चार महिने गेले. आता खाली झालेलं रेकॉर्डिंग वर रिमोटवरून थेट लागतं, डिस्क जागची हलत नाही. ज्यांना हे नव्यानं करायचंय त्यांचे तीन-चार महिने वाचावेत म्हणून क्रमानं लिहिते. क्रम मोडू नका. माझा बराचसा वेळ पाचवी पायरी आधी आणि पहिली नंतर केल्यामुळे गेला.

१. रेकॉर्डिंग कुलूपबंद आहे का, ते आधी बघा

काहीही विकत घेण्याआधी हे एवढं तपासा. बाकी सगळं यावर अवलंबून आहे.

दरमहा पैसे भरून घेतलेल्या डीटीएचच्या बॉक्सवर जे रेकॉर्ड होतं ते बहुतेक वेळा कुलूप लावून डिस्कवर जातं. त्या कुलपाची किल्ली त्याच बॉक्समध्ये असते. डिस्क काढून संगणकाला लावली तर एक तर ती रिकामी दिसते, नाहीतर फाइल दिसते पण चालत नाही. दुसऱ्या खोलीतला त्याच कंपनीचा, त्याच खात्यावरचा बॉक्ससुद्धा ती उघडू शकत नाही. हे कुलूप मुद्दाम घातलेलं आहे. ते तोडण्याच्या नादाला लागू नका. कोणी ‘करून देतो’ म्हणत असेल तर त्यालाही पैसे देऊ नका. तुमच्याकडे फक्त असेच बॉक्स असतील तर पुढच्या पायऱ्या तुमच्या कामाच्या नाहीत.

उघडं रेकॉर्डिंग मिळतं ते मोफत वाहिन्यांचं. आपल्याकडे त्याचा मोठा आधार म्हणजे दूरदर्शनची डीडी फ्री डिश. ही सेवा २००४च्या डिसेंबरात सुरू झाली. तिला दरमहा भाडं नाही. सध्या सिग्नल येतो जीसॅट-१५ या उपग्रहावरून, ९३.५ अंश पूर्वेकडून. म्हणून मराठवाड्यातल्या फ्री डिशच्या छत्र्या आग्नेयेकडे तोंड करून उभ्या दिसतात. सह्याद्री वाहिनी यावर आहे, आणि आमच्या घरात रेकॉर्ड होतं ते बहुतेक तिच्यावरचंच: शेतीचे कार्यक्रम, कीर्तन, वारी.

तपासायची रीत सोपी आहे. पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग पेनड्राईव्हवर करा, पेनड्राईव्ह लॅपटॉपला लावा, व्हीएलसी प्लेअरमध्ये फाइल उघडा. चित्र आणि आवाज दोन्ही आले तर रेकॉर्डिंग उघडं आहे. आमच्याकडे वरच्या टीव्हीला आधी डीटीएचचा बॉक्स होता. मी त्याच्यासाठी केबल ओढली, राउटर घेतला, आणि मग कळलं की तो आपलं रेकॉर्डिंग कोणालाच देत नाही. पाच मिनिटांची ही तपासणी आधी केली असती तर ती सगळी धावपळ वाचली असती.

२. बॉक्स कोणता चालेल

इथं दोन जाती ओळखायला शिका.

पहिला साधा ‘फ्री टू एअर’, म्हणजे फक्त मोफत वाहिन्या पकडणारा, बॉक्स. बाजारात स्वस्तात मिळतो, मागे किंवा पुढे यूएसबीची जागा असते, पेनड्राईव्हवर रेकॉर्ड करतो. यातल्या काहींना वायफायची छोटी काडी लावता येते, पण ती यूट्यूबसारख्या गोष्टींपुरती. स्वतःचं रेकॉर्डिंग नेटवर्कवर ठेवणं किंवा दुसऱ्याचं उघडणं त्याला बहुधा जमत नाही. दुकानदार ‘नेटवर्कचा आहे’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो.

दुसरा लिनक्सवर, म्हणजे संगणकाच्या एका मोफत प्रणालीवर, चालणारा बॉक्स. यात ‘एनिग्मा-टू’ नावाची प्रणाली असते, मागे लॅनचं, म्हणजे नेटवर्कच्या तारेचं, सॉकेट असतं, आत किंवा बाहेर हार्डडिस्क लागते. हा बॉक्स म्हणजे छोटा संगणकच. फोल्डर इतरांना देणं, दुसऱ्याचा फोल्डर आपल्याकडे जोडणं, दोन्ही त्याला येतं. महाग पडतो, मराठवाड्यातल्या दुकानांत सहसा दिसत नाही, मागवून घ्यावा लागतो. आमचे दोन्ही याच जातीचे आहेत, दोन्ही वापरलेले घेतले. पुढच्या पायऱ्या यांच्यासाठी आहेत. साध्या बॉक्सवाल्यांनी आठव्या पायरीकडे जावं, पण तिसरी, चौथी आणि नववी त्यांनीही वाचावी.

लागणारं सामान असं:

– दोन लिनक्स बॉक्स, किंवा एक लिनक्स बॉक्स आणि वर अँड्रॉइड टीव्ही
– हार्डडिस्क, फक्त एका बॉक्सला
– राउटर, आणि दोन्ही मजल्यांत पोहोचेल एवढी लॅन केबल
– व्हीएलसी टाकलेला मोबाईल
– वही आणि पेन

वही गमतीनं लिहिलेली नाही. त्यात प्रत्येक बॉक्सचा नेटवर्कवरचा पत्ता (आयपी ॲड्रेस), नाव, पासवर्ड आणि राउटरचा पासवर्ड लिहून ठेवायचा. आमची वही टीव्हीच्या कपाटात असते. मी घरी नसताना काही बिघडलं तर दीर ती उघडून बघतात, मला फोन करावा लागत नाही.

३. जागेचा आणि वेगाचा हिशोब

हा हिशोब एकदा समजला की कोणी काहीही गळ्यात मारू शकत नाही. वाहिनीचा प्रवाह सेकंदाला १ मेगाबिट असेल तर तासाला ४५० मेगाबाइट जागा लागते. साध्या दर्जाच्या वाहिनीला ४ मेगाबिट धरा, म्हणजे तासाला १.८ गिगाबाइट. १ टेराबाइटच्या डिस्कवर साडेपाचशे तासांच्या आसपास मावतं. घरातल्या माणसांना एवढं पुरून उरतं.

यातला सापळा डिस्कच्या मांडणीचा, म्हणजे फॉरमॅटचा, आहे. पेनड्राईव्ह बहुधा फॅट-३२ मांडणीत येतो आणि तिच्यात ४ गिगाबाइटहून मोठी फाइल मावतच नाही. वरच्या हिशोबानं सव्वादोन तास उलटले की मर्यादा येते. चांगला बॉक्स तिथं फाइल तोडून दुसरी सुरू करतो, साधा बॉक्स कधीकधी थांबतोच. रात्रभराच्या कीर्तनाचं अर्धंच रेकॉर्डिंग सापडलं तर आधी हे बघा. लिनक्स बॉक्सच्या डिस्कसाठी ‘ईएक्सटी-४’ मांडणी निवडा. बॉक्सच्या मेनूतूनच ती करता येते. मांडणी बदलताना डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून जुनं काही असेल तर आधी काढून ठेवा.

आता वेग. ४ मेगाबिटचं चित्र वाहून न्यायला १०० मेगाबिटची साधी लॅन केबल पंचवीसपट मोठी आहे. म्हणजे महागडा राउटर लागत नाही. इंटरनेटचा वेगही इथं कामाचा नाही, कारण रेकॉर्डिंग घराबाहेर जातच नाही. खालच्या डिस्कवरून निघून राउटरमार्गे वर जातं, बस. इंटरनेट बंद पडलेलं असतानाही वरचा टीव्ही खालचं रेकॉर्डिंग दाखवतो. हे आत्याबाईंना पटायला दोन दिवस लागले. फायबरवाल्याचा माणूस आला नव्हता, नेट गेलेलं होतं आणि वर कीर्तन चालू होतं.

४. दोन्ही मजले एकाच नेटवर्कवर आणा

सगळ्यात जास्त माणसं इथं अडकतात, म्हणून इथं थोडं थांबते.

आमचं खालचं घर जुनं, दगडी भिंतींचं. अशा भिंतीतून वायफाय पार होत नाही, झालं तरी मरगळून. वर नवा स्लॅब. माळवदाच्या घरात किंवा पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांचाही हाच अनुभव असेल. म्हणून वर वायफाय नीट यावं यासाठी बहुतेक जण दुसरा राउटर घेतात, खालच्या राउटरची केबल त्याच्या इंटरनेटच्या सॉकेटात घालतात आणि वर वायफाय सुरू होतं. मोबाईल चालतो, सगळे खूश होतात. पण आता घरात दोन नेटवर्कं झालेली असतात. खालच्या वस्तूंचे पत्ते १९२.१६८.१ नं सुरू होतात, वरच्यांचे १९२.१६८.० नं. वरच्या बॉक्सनं कितीही शोधलं तरी त्याला खालचा बॉक्स दिसत नाही. मी यात तीन आठवडे घालवले. दोष बॉक्समध्ये आहे असं समजून त्याची प्रणाली दोनदा नव्यानं टाकली.

उपाय असा. वरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट’ असा पर्याय असेल तर तो निवडा. नसेल तर त्याची पत्ते वाटायची सोय, म्हणजे ‘डीएचसीपी’, बंद करा. त्याचा स्वतःचा पत्ता खालच्या राउटरच्या रांगेतला पण वेगळा द्या. मग खालून आलेली केबल इंटरनेटच्या सॉकेटातून काढून साध्या लॅनच्या सॉकेटात घाला. पत्ते वाटणारा घरात एकच असला पाहिजे, खालचा.

आणखी एक. काही राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय असतं. त्यावर जोडलेल्या वस्तू एकमेकींना दिसू नयेत अशीच त्याची रचना असते. कोणताही बॉक्स त्यावर जोडू नका. ‘एपी आयसोलेशन’ नावाचं सेटिंग चालू असेल तर तेही बंद करा.

ज्या बॉक्सला डिस्क आहे त्याला केबलच लावा. दोन्ही बॉक्स वायफायवर असले तर तेच चित्र हवेतून दोनदा जातं, एकदा खालून राउटरकडे आणि एकदा राउटरकडून वर. एका बाजूला तरी तार असली की निम्मा भार उतरतो. केबल घेताना आत पूर्ण तांब्याची तार आहे ना, ते विचारा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल मिळते. ती टोकाला लवकर तुटते आणि मग चित्र कधी येतं, कधी थांबतं. १०० मीटरपर्यंत एक सलग तुकडा चालतो. घरात याहून लांब लागत नाही.

५. प्रत्येक बॉक्सला कायमचा पत्ता द्या

आपल्याकडे लाईट जाते आणि येते. राउटर पुन्हा सुरू झाला की तो पत्ते नव्यानं वाटतो. काल १९२.१६८.१.२० वर असलेला खालचा बॉक्स आज १९२.१६८.१.२३ वर जातो आणि वरचा बॉक्स जुन्या पत्त्यावर दार ठोठावत बसतो. ‘काल चालत होतं, आज चालत नाही’ याचं कारण दहातल्या आठ वेळा माझ्याकडे हेच निघालं.

राउटरच्या सेटिंगमध्ये पत्ता राखून ठेवायची सोय असते, ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ नावाची. तिथं बॉक्सचा मॅक पत्ता निवडायचा आणि हवा तो आकडा बांधून टाकायचा. मॅक पत्ता म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा ओळखक्रमांक, तो बॉक्सच्या नेटवर्क माहितीत दिसतो. आमच्याकडे खालचा २०, वरचा ३०. वहीत लिहा. बॉक्समध्ये टाकताना हे आकडे अर्थात इंग्रजी अंकांत टाकायचे.

६. खालच्या बॉक्सचा फोल्डर उघडा करा, पण फक्त बघण्यापुरता

लिनक्स बॉक्समध्ये रेकॉर्डिंग ‘मीडिया’ फोल्डरच्या आत ‘एचडीडी’ आणि त्याच्या आत ‘मूव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये जातं. हाच फोल्डर इतरांना द्यायचा. द्यायचे दोन रस्ते आहेत, सांबा आणि एनएफएस. सांबाचा फायदा असा की मोबाईल आणि लॅपटॉपवरूनही तोच फोल्डर उघडतो. दोन लिनक्स बॉक्सच जोडायचे असतील तर एनएफएस हलकं पडतं. नवख्यांनी सांबा घ्यावं. काही प्रणालींत ते आधीच असतं, काहींत मेनूतल्या सॉफ्टवेअरच्या यादीतून टाकावं लागतं.

त्याआधी बॉक्सला पासवर्ड घाला. यातल्या अनेक बॉक्सना मुख्य वापरकर्त्याचा, म्हणजे ‘रूट’चा, पासवर्डच नसतो. घरातलं वायफाय शेजारच्या मुलांना दिलेलं असेल तर तुमची डिस्क त्यांनाही उघडी असते. शिवाय अलीकडच्या प्रणाली बिनपासवर्डची जोडणी स्वीकारतच नाहीत आणि का नाकारलं तेही सांगत नाहीत.

पहिल्या जोडणीत मी वरच्या बॉक्सला सगळे अधिकार दिले होते, बघायचे आणि पुसायचेही. वर पुतण्या असतो, वय नऊ. त्याला यादीत जुनी नावं दिसली आणि त्यानं ‘जागा करायला’ म्हणून सहा रेकॉर्डिंगं पुसली. त्याची काही चूक नाही, त्याला पुसायचं बटण मी दिलं होतं. त्या सहांत आत्याबाईंनी जपलेलं एक भारूड होतं. तेव्हापासून वरून फक्त बघता येतं, पुसता येत नाही. खालच्या बॉक्सवर पुसलेलं काही दिवस सांभाळणारी कचरापेटीही चालू केलीय. ‘ट्रॅशकॅन’ नावानं सेटिंग सापडतं. आधीच चालू करून ठेवा.

फक्त बघण्याच्या अधिकाराची एक किंमत आहे. वर एखादं रेकॉर्डिंग अर्ध्यात थांबवलं की पुढच्या वेळी ते पहिल्यापासून सुरू होतं. कुठपर्यंत बघितलं ही खूण रेकॉर्डिंगच्या शेजारच्या ‘कट्स’ फाइलमध्ये लिहिली जाते आणि वरच्याला तिथं लिहायची मुभा नाही. माझ्या मते हा तोटा सोसावा. पुसलेलं भारूड परत येत नाही.

७. आधी मोबाईलवर, मग वरच्या बॉक्सवर

खालचा फोल्डर उघडा झाला की लगेच वर पळू नका. मोबाईल वरच्या मजल्यावरच्या वायफायला जोडा, व्हीएलसी उघडा, त्यात स्थानिक नेटवर्क बघा. खालच्या बॉक्सचं नाव दिसलं, पासवर्ड घालून रेकॉर्डिंग लागलं, तर पहिल्या सहा पायऱ्या बरोबर झाल्या. मोबाईलवर लागत नसेल तर वरच्या बॉक्सवर लागणारच नाही. दोष कुठं आहे ते शोधायचा याहून सोपा मार्ग मला सापडलेला नाही.

आता वरच्या बॉक्सच्या मेनूत नेटवर्कखाली माउंट मॅनेजर किंवा नेटवर्क ब्राऊझर उघडा. प्रणालीनुसार नाव थोडं बदलतं. त्यात भरायचं असं. नावाच्या जागी एक छोटा इंग्रजी शब्द, मोकळी जागा न सोडता. पत्त्याच्या जागी खालच्या बॉक्सचा पत्ता. प्रकार ‘सीआयएफएस’, सांबाशी बोलायची ही भाषा. मग फोल्डरचं नाव, वापरकर्ता, पासवर्ड. शेवटी पर्यायांची एक ओळ असते. तिच्यात बहुधा ‘आरडब्ल्यू’ आधीच लिहिलेलं असतं, म्हणजे वाचा आणि लिहा. ते बदलून ‘आरओ’ करा, म्हणजे फक्त वाचा. त्याच ओळीत ‘यूटीएफ-८’ असू द्या. ते नसेल तर मराठी नावांच्या जागी चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हं दिसतात.

या पानावरची तीन ठिकाणं नीट बघा.

पहिलं, ‘हार्डडिस्कच्या जागी वापरायचं का’ असा एक प्रश्न असतो. उत्तर ‘नाही’. ‘हो’ म्हटलं तर वरचा बॉक्स स्वतःचं रेकॉर्डिंगही खालच्या डिस्कवर करायला बघतो, आणि आपण दिलाय वाचायचाच अधिकार. रेकॉर्डिंग होत नाही आणि कळतं दुसऱ्या दिवशी.

दुसरं, जोडणी कायमची हवी की गरजेपुरती. ‘एफएसटॅब’ म्हणजे कायमची, ‘ऑटोएफएस’ म्हणजे फोल्डर उघडला की जोडणारी. ऑटोएफएस घ्या. कायमच्या जोडणीत खालचा बॉक्स बंद असेल तर वरचा सुरू होताना त्याची वाट बघत अडकतो. लाईट आली की दोन्ही एकदम सुरू होतात, तेव्हा हे हमखास घडतं.

तिसरं, भाषेची आवृत्ती. सांबा जी भाषा बोलतं तिची, म्हणजे एसएमबीची, पहिली आवृत्ती जुनी आणि असुरक्षित आहे. २०१७च्या शरदातल्या अपडेटनंतर नव्यानं टाकलेल्या विंडोज १० मध्ये ती बंदच असते. जुन्या बॉक्सला हीच आवृत्ती येत असेल तर तो नव्या लॅपटॉपचा फोल्डर उघडू शकत नाही. बॉक्सची प्रणाली नवी करा आणि पर्यायांच्या ओळीत आवृत्ती २ किंवा ३ लिहा. लॅपटॉपवर जुनी आवृत्ती चालू करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

जतन करा, एकदा बॉक्स बंद-चालू करा, मग रेकॉर्डिंगच्या यादीत जाऊन जागा बदला. खालची यादी समोर येते. पहिल्यांदा उघडताना आठ-दहा सेकंद लागले तर घाबरू नका. खालची डिस्क झोपलेली असते, फिरायला लागेपर्यंत तेवढा वेळ जातो. मात्र खालचा बॉक्स पूर्ण झोपेत, म्हणजे ‘डीप स्टँडबाय’मध्ये असेल तर नेटवर्कवर उत्तरच देत नाही. आत्याबाई झोपताना लाल बटण दाबून धरायच्या, त्यानं तो पूर्ण बंद व्हायचा. आता त्या नुसतं दाबतात.

वर दुसरा बॉक्स नसून अँड्रॉइड टीव्ही असेल तर काम आणखी हलकं आहे. टीव्हीवर व्हीएलसी टाका आणि मोबाईलसारखाच फोल्डर उघडा.

वरच्या बॉक्सलाही डिस्क असेल आणि एखादं रेकॉर्डिंग तिच्यावर कायमचं हवं असेल तर मोठी ‘टीएस’ फाइल एकटी आणू नका. तिच्या शेजारी त्याच नावाच्या छोट्या फाइली असतात. ‘मेटा’मध्ये नाव आणि वाहिनी, ‘ईआयटी’मध्ये कार्यक्रमाचं वर्णन, ‘एपी’ आणि ‘एससी’मध्ये पुढे-मागे जाण्याच्या खुणा. एकटी टीएस चालते, पण पुढे ढकलताना अडखळते.

८. आखाड्यावरचा साधा बॉक्स

आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या मुक्कामाच्या जागी, साधा फ्री टू एअर बॉक्स आहे. तिथं ना नेटवर्क ना राउटर. सासरे शेतीचा कार्यक्रम पेनड्राईव्हवर घेतात आणि आठवड्याला घरी आणतात. तो पेनड्राईव्ह खालच्या लिनक्स बॉक्सला लावून फाइली ‘मूव्ही’ फोल्डरमध्ये उतरवल्या की वरही दिसतात. परभणीला कृषी विद्यापीठ असल्यानं तिथल्या शास्त्रज्ञांना घरच्या टीव्हीवर बघायचं आमच्याकडे सगळ्यांनाच अप्रूप असतं. कापसावरच्या बोंडअळीचा एक भाग तर गावातल्या चार जणांनी आमच्या घरी येऊन दोनदा बघितला.

काही साधे बॉक्स फाइलच्या नावाला शेवटी ‘डीव्हीआर’ असं शेपूट (एक्स्टेन्शन) लावतात. लिनक्स बॉक्सच्या यादीत ती दिसत नाही. फाइलची प्रत काढून तिचं शेपूट ‘टीएस’ करून बघा. मूळ फाइलला हात लावू नका.

लिनक्स बॉक्स नसलेल्यांनी जुना लॅपटॉप घ्यावा. त्याच्यावर जेलिफिन नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाका, रेकॉर्डिंगचा फोल्डर दाखवा. मग घरातल्या कोणत्याही स्मार्ट टीव्हीवर किंवा मोबाईलवर यादी उघडते. वाचायला हा रस्ता लहान वाटतो, पण लॅपटॉप सतत चालू ठेवावा लागतो, म्हणून माझी पसंती त्याला नाही.

९. लाईट, वीज आणि ऊन

रेकॉर्डिंग चालू असताना लाईट गेली तर ती फाइल अर्धी राहते, वाईट नशीब असेल तर डिस्कचीही मांडणी बिघडते. खालचा बॉक्स, डिस्क आणि खालचा राउटर तिन्ही इन्व्हर्टरवर घ्या. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, पण त्यावर बॉक्स लावू नका, त्याला ताकद जास्त लागते. यूएसबी २ च्या सॉकेटातून ५०० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह मिळतो आणि बाहेरची डिस्क सुरू होताना त्याहून जास्त मागू शकते. डिस्क टकटक आवाज करत असेल तर तिला स्वतःचा वीजपुरवठा असलेला हब लावा.

वळवाच्या पावसात मराठवाड्यात विजा किती पडतात ते वेगळं सांगायला नको. छत्रीची केबल आणि गच्चीवरून उतरवलेली लॅन केबल, दोन्ही तांब्याच्या आहेत आणि दोन्ही थेट बॉक्सपर्यंत येतात. आमचा पहिला बॉक्स असाच गेला. प्लग काढलेला होता, छत्रीची केबल राहिली होती. ढग दाटायला लागले की, गडगडाट सुरू व्हायच्या आधीच, प्लग, छत्रीची केबल आणि लॅन, तिन्ही काढा. जमलं तर लॅन केबल घराच्या आतून, जिन्यातून न्या. बाहेरून न्यावीच लागली तर उन्हाचा विचार करा. उन्हाळ्यात पारा ४२च्या पुढे जातो, साध्या केबलचं आवरण दोन उन्हाळ्यांत चिरतं. पीव्हीसी पाइपातून ओढा.

१०. पहाटेचं रेकॉर्डिंग चुकू नये म्हणून

बॉक्स वेळ उपग्रहाच्या सिग्नलवरून घेतो आणि ती कधीकधी मागे-पुढे असते. सेटिंगमध्ये वेळ इंटरनेटवरून घ्यायचा पर्याय निवडा, वेळक्षेत्र भारताचं, म्हणजे साडेपाच तास पुढचं, आहे ना ते बघा. आषाढीची महापूजा मध्यरात्रीनंतर, भल्या पहाटे असते. टायमर लावताना तारीख पुढच्या दिवसाची लागते. एकादशीच्या आदल्या रात्री झोपताना टायमर लावायचा आणि तारीख मात्र एकादशीची टाकायची. दोन वर्षांपूर्वी मी आदल्या दिवसाची तारीख टाकली होती, टायमर निघून गेलेल्या वेळेचा झाला आणि काहीच रेकॉर्ड झालं नाही. सुरुवातीला दहा मिनिटं आणि शेवटी अर्धा तास जास्त धरा.

रेकॉर्डिंग चालू असतानाच वर बघायचं असेल तर दहा मिनिटं मागे राहून लावा. अगदी टोकाला गाठलं तर चित्र थांबतं.

११. कोणाला द्यावं, कोणाला नाही

१९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३९नुसार स्वतःच्या खासगी वापरासाठी प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग करता येतं. शिक्षण आणि संशोधनासाठीही मुभा आहे. घरातल्या दोन टीव्हींवर बघणं मी यात धरते. रेकॉर्डिंग यूट्यूबवर चढवणं, गावाच्या ग्रुपवर टाकणं किंवा पेनड्राईव्ह भरून विकणं यात बसत नाही. नातेवाईक मागतात, नाही म्हणणं अवघड जातं, पण घरी येऊन बघा असंच मी सांगते.

याच कारणानं राउटरमध्ये बाहेरून आत यायचं दार, म्हणजे ‘पोर्ट फॉरवर्डिंग’, या बॉक्ससाठी कधीही उघडू नका. पुण्याला असलेल्या मुलाला घरचं रेकॉर्डिंग दिसावं म्हणून एका ओळखीच्यांनी ते उघडलं होतं. आठवड्यात बॉक्समध्ये कोणीतरी परकं शिरलं आणि सगळं पुसून नव्यानं टाकावं लागलं.

आमच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी एवढंच लिहून ठेवलंय आणि दीर त्यावरूनच चालतात: वर यादी दिसत नाही, तर आधी खालचा बॉक्स चालू आहे का बघा, मग राउटरचा दिवा, मग मोबाईलवर व्हीएलसी, मग पत्ता २० आहे ना. यापुढे जायची वेळ वर्षभरात एकदाच आली, आणि तेव्हा जिन्यातली केबल उंदरानं कुरतडलेली निघाली.